हुपरीकरांची पाठ

माझ्या बापाला त्या संध्याकाळी सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या. एकतीस मृतांमध्ये पहिला नंबर. मागच्या रांगांतून दोन शिट्ट्यासुद्धा आल्या, आणि श्रद्धांजलीत शिट्टी मिळवायला वेगळीच लायकी लागते. हे सांगून झालं. आता असं धरून चालू की यातलं काहीच घडलं नाही. कागदोपत्री ते घडलेलं नाहीच, त्यामुळे आपल्याला फार अभिनय करावा लागणार नाही. मंगळवारपासून सुरू करू. तेव्हा बाप नुसताच मेलेला होता आणि टाळ्यांचा प्रश्न नव्हता.

मंगळवारी सकाळी साडेअकराला आप्पासाहेब मुतालिकांचा फोन आला की ते मेलेले नाहीत. "मेलेल्यांचं तुम्हीच बघता का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "मग मला त्यातून काढा. मी आहे." मी म्हणालो, एक मिनिट हं, आणि यादी पाहिली. अठराव्या क्रमांकावर ते होते: आप्पासाहेब मुतालिक, चरित्र अभिनेते, पुढे जन्मसाल आणि मृत्युसाल. दुसरे कोणी मुतालिक वारले होते, तेही आप्पासाहेबच, पण ते तबला वाजवायचे. "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत," मी म्हणालो. कंपनीने शिकवलेलं वाक्य आहे. लग्नात जेवण कमी पडलं तरी आम्ही हेच म्हणतो. "गैरसोय तुमची झालीय," आप्पासाहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

मी हिंजवडीत एका कार्यक्रम करून देणाऱ्या कंपनीत आहे. आजूबाजूच्या अठरा मजल्यांवर लोक परदेशातल्या विमा कंपन्यांची सॉफ्टवेअरं दुरुस्त करतात आणि मधल्या एका खोलीत मी मराठी चित्रसृष्टीतले मृत कापतो. दर जानेवारीत कलास्मृती सन्मान नावाचा सोहळा होतो, त्याच्या सुरुवातीला वर्षभरात गेलेल्या कलावंतांचं रील दाखवतात. प्रत्येकी चार सेकंद. हे काम मला चार वर्षांपूर्वी मिळालं, कारण बाकीच्यांना मराठी वाचता येत नव्हतं. चार सेकंदांत माणूस आटपायला मी आता सरावलोय. एकशेचाळीस सिनेमांत इन्स्पेक्टर झालेला आणि एकदाही वेळेवर न पोहोचलेला माणूस: चार सेकंद. साठ सिनेमांत पदर तोंडाला लावून रडलेल्या बाई, ज्या सेटवर स्पॉटबॉईजना चपला फेकून मारत: चार सेकंद, रडताना. बावीस सिनेमांत पाटलाची गंजी पेटवणारा खलनायक घरी गिझरचा शॉक बसून गेला. त्याला मी हसतानाचे चार दिले. मेल्यावर हे सगळे 'निखळ' होतात. निखळ आणि हरहुन्नरी. एकतीस जणांच्या माहितीपत्रकांत एकोणतीस निखळ होते, दोघांच्या घरच्यांनी पत्रक पाठवलं नव्हतं.

आप्पासाहेब जिवंत निघाल्याने रीलमध्ये चार सेकंदांचं भोक पडलं. एकशेचोवीस सेकंदांची बासरी समितीच्या बैठकीत सात जणांच्या सहीने मंजूर झाली होती, ती आता एकशेवीस होऊ शकत नव्हती. "कोणीतरी बघ ना यार," माझी बॉस सलोनी म्हणाली. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे आणि कोणत्याही संकटाकडे सीटिंग अरेंजमेंट म्हणून बघते. "एक डेड पर्सन तर हवाय फक्त. फिल्ममधला. फ्रायडेच्या आत." मी म्हणालो, माझे वडील आहेत. ती म्हणाली, "ओह. सॉरी." मग, "फेब्रुवारीत ना? म्हणजे या वर्षात बसतात." आणि मग, माणूस वाईट नाही ती, "फेस आहे का त्यांचा कुठे? समोरून लागतो."

फेस नव्हता. माझा बाप रामदास हुपरीकर हा एकसष्ट सिनेमांत काम केलेला नट, आणि त्याचा चेहरा एकाही सिनेमात नाही. तो अनंतराव सरदेशमुखांची पाठ होता. अनंतराव हिरो, त्यांच्या तारखा मिळत नसत, मिळाल्या तर ते उठत नसत. तेव्हा समोरच्या नटाचा चेहरा आणि जवळ, कडेला, पाठमोरे अनंतराव, असा शॉट लावायचा झाला की त्या जागी बापाला उभं करत. खांद्यांची रुंदी तीच, मानेवरचा केसांचा कट तोच, उजवा खांदा किंचित खाली टाकायची तऱ्हाही तीच. ही तऱ्हा मुळात बापाची की अनंतरावांची, यावर घरात बोलायचं नाही असा नियम होता. दिवसा तो एका बँकेत कारकून होता आणि शूटिंग आलं की बिनपगारी रजा टाकायचा. घरी आला की खिडकीकडे तोंड करून बसायचा. कसबा पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खिडकीतून समोरच्या इमारतीची मोरी दिसते, दुसरं काही नाही. तरी तो तासन्‌तास मोरी बघायचा आणि आम्ही त्याची पाठ बघायचो. मी शाळेतून येऊन मार्क सांगायचो ते त्या पाठीला. पाठ म्हणायची, "हं."

मी सात वर्षांचा असताना दिवाळीच्या खरेदीला आम्ही लक्ष्मी रोडवर होतो. मागून एक बाई ओरडली, "अगं अनंतराव! अनंत सरदेशमुख!" आणि तीन मुलींना घेऊन, पिशव्या सावरत, धावत आमच्या पुढे आली. बाप थांबला. तिने त्याच्याकडे पाहिलं. मोठ्या मुलीनेही पाहिलं. बाई म्हणाली, "सॉरी हं." बाप म्हणाला, "असू दे." त्याचा चेहरा पाहून लोक सॉरी म्हणत, हे त्याला रोजचं होतं, कोणी कोणाला धक्का लागल्यावर म्हणावं तसं ते म्हणत, आणि तोही धक्का खाल्लेला माणूस म्हणतो तसं असू दे म्हणे. पण मला ते नवीन होतं आणि मी हसलो. मोठ्याने हसलो, त्या मुलींसोबत. त्या दिवसापासून तो रस्त्याने माझ्या दहा पावलं पुढे चालायला लागला. मला सगळी कसबा पेठ त्याच्या पाठीमागून माहीत आहे. तांबट आळीत भांडी ठोकण्याचा आवाज सुरू झाला की पाठ डावीकडे वळायची, फडके हौदाशी ती रस्ता ओलांडायची, आणि मी ओलांडला की नाही हे बघायला वळायची नाही. शाळेच्या गॅदरिंगला मी शिपाई होतो, एक वाक्य होतं, "महाराज, दूत आला आहे." ते म्हणायला तोंड उघडलं तेव्हा सभागृहाच्या दारातून ती पाठ बाहेर पडत होती. शूटिंग होतं म्हणे. दूत आल्याचं मी सांगितलंच नाही. नाटक तिथेच थांबलं आणि मला पाणी पाजण्यात आलं. हॉस्पिटलातही शेवटचे चार दिवस तो भिंतीकडे कूस करून होता. तिरडीवर मात्र उताणा. इतका वेळ समोरून तो मला पहिल्यांदाच दिसला, आणि खरं सांगतो, पटकन ओळख पटेना. तोंडावर सॉरी आलं होतं. गिळलं.

हे सगळं असताना मी त्याचं नाव का घेतलं हे मला अजून सांगता येत नाही. भोक चार सेकंदांचं होतं आणि तोंड उघडं होतं, एवढंच.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती. श्यामलाबाई हुपरीकर कधी काही मागत नाहीत. मागितल्यावर माणूस वळून बघेल याची त्यांना खात्री नसते. दरवर्षी माझं रील ती फोनवर चष्मा कपाळावर सरकवून बघते आणि म्हणते, "ही गेली होय?" या वेळी तिने मेथी खाली ठेवली. "चेहरा दिसला पाहिजे हं त्यांचा," ती म्हणाली. "नाव आणि चेहरा. पाठ नको घालूस. पाठ मी बत्तीस वर्षं पाहिलीय."

"चेहरा आहे कुठे, आई?"

"आहे. वाईच्या शूटिंगचा. घाटावर. तू चार वर्षांचा होतास, चौथऱ्यावरून पडला होतास. ही खूण बघ तुझ्या भुवईतली. मी पाणी आणायला गेले होते, येऊन बघते तर रक्तच रक्त. पण ते वळलेत त्यात. सिनेमात आहे तसं. मी थेटरात दोनदा पाहिलंय. तू ओरडलास आणि ते वळले." तिने मेथी पुन्हा हातात घेतली. "दिसायला काही वाईट नव्हते रे ते."

बुधवारी सकाळी मी तो सिनेमा शोधला. नाव सांगण्यात अर्थ नाही. नावात सून होती आणि पोस्टरवर पाळणा. कोणीतरी तो इंटरनेटवर चढवला होता, कोपऱ्यात एका गुटख्याची जाहिरात जन्मभरासाठी चिकटलेली. एक तास चार मिनिटांवर घाट आला. समोर जमीनदाराच्या फेट्यात आप्पासाहेब मुतालिक, तेव्हाही जिवंत, तावातावाने बोलतायत. डावीकडे जवळ माझ्या बापाची पाठ. ती पाठ मी गर्दीत, अंधारात, कुठेही ओळखेन, मला त्याचं कौतुक नाही. सव्वीस सेकंद पाठ. आणि सत्ताविसाव्याला ती वळली. अकरा फ्रेम. अर्ध्या सेकंदापेक्षा कमी. संकलकाचा हात जरा उशिरा चालला म्हणून उरलेल्या अकरा फ्रेम, आणि त्यांत माझा बाप, चाळिशीतला, तोंड किंचित उघडं, भुवया वर, वर्गात आपलं नाव पुकारल्यावर मी दिसत असेन तसा. मी ती चौकट गोठवली. पडदाभर केली. सलोनी मागून म्हणाली, "क्यूट आहेत अंकल." मला बरं वाटलं. हे नोंदवून ठेवतो, कारण पुढे ते खोडायचं आहे. मला वाटलं, एकसष्ट सिनेमांत हा माणूस एकदा वळला आणि तो माझ्यासाठी वळला. आयुष्याच्या हिशेबात हे कमी आहे, पण अकरा फ्रेम म्हणजे अकरा फ्रेम. दुपारच्या जेवणात मी दोनदा भुवईला हात लावला.

मग समितीचे सचिव श्रीनिवास सर आडवे आले. सर निवृत्त मुख्याध्यापक, हातात कायम लाल पेन. रीलमधल्या नावांचे ऱ्हस्वदीर्घ तेच तपासतात आणि अंतिम प्रत त्यांच्या सहीशिवाय पडद्यावर जात नाही. ते म्हणाले, मंजूर यादीतून मृताचं नाव असं कमी करता येत नाही. मुतालिकांचा हयातीचा दाखला आणा. मी म्हणालो, सर, ते फोनवर बोलले. सर म्हणाले, "फोनवर काय, कोणीही बोलेल."

म्हणून दुपारी मी शनिवार पेठेत आप्पासाहेबांकडे गेलो. पाटीवर 'दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये. वाजवल्यास दार उघडणार नाही. वाद घालू नये' असं होतं. मी चार वाजून एक मिनिटाने वाजवली. आप्पासाहेब ब्याण्णव वर्षांचे, बनियन, गळ्यात मफलर. मी दाखल्याचा कोरा कागद पुढे केला. "जिवंत असल्याचं मी लिहून द्यायचं?" ते म्हणाले. "आणि मेलो होतो तेव्हा कोणी लिहून दिलं होतं?" मग त्यांना त्यांचे चार सेकंद बघायचे होते. मी दाखवले. "हा कुठला घेतलास? यात मी पाणी पितोय! पासष्ट वर्षं काम केलं मी. लोक म्हणतील, हा कोण, पाणी पिणारा!" त्यांनी सही केली ती केवळ त्या पाण्याच्या रागाने. उठता उठता मी, का कोण जाणे, त्यांना घाटावरची अकरा फ्रेम दाखवली. म्हणालो, हे माझे वडील. यात मी पडलो, म्हणून ते वळलेत.

आप्पासाहेबांनी फोन लांब धरला. मग जवळ. "हुपरीकर!" ते म्हणाले. "या गाढवाने माझं भाषण खाल्लं. सहा ओळी होत्या अजून. अरे, चहावाला आला होता, त्याने मागून हाक मारली, 'अनंतराव, चहा!' आणि हा वळला. अनंतराव म्हणून वळला! शॉट वाया. रीळ संपत आलेलं, परत घेतलं नाही. माझ्या सहा ओळी गेल्या."

"पण मी पडलो होतो ना त्याच वेळी?"

"तू होय तो? तू आधी पडलास. माझं भाषण नुकतं सुरू झालेलं. डाव्या बाजूला धप्पकन आवाज, आणि कोकलायला लागलास बाबा बाबा करून. आवाज नंतर भरायचे, म्हणून कॅमेरा थांबवला नाही. माझीसुद्धा नजर गेली. पण हुपरीकर? ढिम्म. पोरगं रक्तात पडलंय आणि पाठ अशी!" आप्पासाहेबांनी पाठ करून दाखवली. ब्याण्णव वर्षांची, वाकलेली, मफलर लोंबणारी पाठ. "तेव्हा मी मनात म्हटलं, हा नट आहे. वळणं काय, कोणीही वळेल."

मी म्हणालो, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. दुसरं काही पाठ नव्हतं.

ते खरं की खोटं हे तपासण्याची सोय माझ्याकडे होती, हीच मुळात वाईट गोष्ट आहे. आधीच्या पिढ्यांना बापाचा राग यायचा तेव्हा तो सुटा, बिनपुराव्याचा यायचा. मला तो चोवीस फ्रेम प्रतिसेकंद उपलब्ध होता. गुरुवारी सकाळी मी तो शॉट टाइमलाइनवर अंथरला. नवव्या सेकंदाला आप्पासाहेबांची बुबुळं डावीकडे सरकतात. वाक्य न तोडता बघतात आणि परत येतात. म्हणजे मी पडलो. तिथे, चौकटीच्या बाहेर, साधारण गुटख्याच्या जाहिरातीच्या पलीकडे, मी चार वर्षांचा पडलेलो आहे. आणि पाठ? मी ती सहाशे टक्के मोठी केली. पाठ ढिम्म. पुन्हा लावलं. सतरा वेळा लावलं. नवव्या सेकंदाच्या पाचव्या फ्रेमला कॉलरची कड हलते. दोन पिक्सेल. मी खुर्चीतून उठलो आणि पाणी प्यालो, आप्पासाहेबांसारखा. मग बसून मागच्या दगडी खांबावर मोजलं, कारण जुनी रिळं स्वतःच थरथरतात. खांब त्याच फ्रेमला दीड पिक्सेल हलला होता. खांबाला मुलगा नव्हता. दोनातून दीड गेले. अर्धा पिक्सेल उरला, तो माझ्या वाट्याचा. अर्धा पिक्सेल पडद्यावर दिसत नाही. त्याचं काय करायचं याची माहिती सॉफ्टवेअरच्या मदतकक्षातही नाही.

माझ्यापुढे आता दोन चौकटी होत्या. एक चेहऱ्याची, आईने मागितलेली, जी दुसऱ्याच्या नावाने मारलेल्या हाकेला उठली होती. आणि एक पाठीची. मी चेहरा काढून टाकला. रागाने काढला, त्यात उदात्त काही शोधू नये. मनात म्हटलं, ज्या बाजूने आमची ओळख आहे त्याच बाजूने जा. पाठीचे मी चार सेकंद घेतले, आठव्यापासून बाराव्यापर्यंत. म्हणजे माझं पडणं त्यात होतं, फक्त मी नव्हतो. आप्पासाहेबांना धूसर केलं. जिवंत माणसाला श्रद्धांजलीत धूसर करण्याचा नियम नव्हता, मी केला. खाली नाव टाकलं: रामदास हुपरीकर, अभिनेते. 'निखळ' टाकलं नाही. श्रीनिवास सरांना प्रत पाठवली. आईला सांगितलं, झालं काम. तिने विचारलं, चेहरा? मी म्हणालो, बघशील ना आता. ती शुक्रवारी दुपारीच अबोली रंगाची पैठणी नेसून बसली. सहाचा कार्यक्रम होता.

सभागृह भरलं होतं. आई सहाव्या रांगेत, चष्मा कपाळावर नाही, डोळ्यांवर. मी कडेला उभा. बासरी सुरू झाली. इन्स्पेक्टर आले, रडणाऱ्या बाई आल्या, गंजी पेटवणारा हसला. लोक अशा वेळी टाळ्यांतून बाजारभाव सांगतात: कोणाला टपटप, कोणाला नुसता खोकला. अठराव्या क्रमांकाला पाठ आली. पडद्यावर तीस फूट. आणि सभागृह उठलं. मी खाली नाव वाचलं. तिथे लिहिलं होतं: नटश्रेष्ठ अनंतराव सरदेशमुख. शिट्ट्या त्याच वेळी आल्या. कोणीतरी ओरडलं, "अनंतराव!" आणि हे लिहायला मला लाज वाटते, पण मी पडद्याकडे बघत राहिलो, की आता हाक मारलीय, आता तो वळेल. चार सेकंद संपले. पुढची बाई आली, तिला खोकला मिळाला.

श्रीनिवास सर विंगेत उभे होते. मी म्हणालो, सर, ते माझे वडील होते. सर म्हणाले, "अहो, काहीतरी काय! ही पाठ मी ओळखत नाही? तुमच्याकडून नावाची चूक झाली होती, मी दुरुस्त केली." मी म्हणालो, अनंतराव पाच वर्षांपूर्वी वारले. सर लाल पेन खिशाला लावत म्हणाले, "त्यांना दरवर्षी घेतलं तरी कोण तक्रार करणार आहे?" मी चेहरा दिला असता तर ही चूक झाली नसती. हे मला तिथे उभं असतानाच कळलं आणि ते मी कोणालाही सांगितलेलं नाही.

परतताना रिक्षात आईने पैठणीचा पदर सावरला. मग म्हणाली, "चेहरा नाही का रे मिळाला?"

"नाही," मी म्हणालो. तो माझ्या खिशातल्या फोनमध्ये होता, तोंड किंचित उघडं.

"बरं झालं," ती म्हणाली. "लोकांनी सॉरी म्हटलं असतं." आणि पदराने चष्मा पुसून तिने माझ्याकडे पाठ केली. म्हणजे ती बाहेर बघायला वळली, एवढंच. रिक्षाला दुसरी बाजू नव्हती.

घटना कागदोपत्री दुरुस्त व्हावी म्हणून मी सोमवारी रीतसर अर्ज दिला. पोच मिळाली, शिक्का आहे. मजकूर येणेप्रमाणे:

प्रति, मा. सचिव, कलास्मृती सन्मान समिती, पुणे. अर्जदार अवधूत रामदास हुपरीकर, राहणार कसबा पेठ. महोदय, श्रद्धांजली क्रमांक अठरामधील पाठ अर्जदाराच्या वडिलांची आहे. नावातील दुरुस्तीबाबत अर्जदाराची तक्रार नाही. टाळ्या सरदेशमुखांकडेच ठेवाव्यात. तथापि मूळ दृश्यात, नवव्या सेकंदाच्या पाचव्या फ्रेमला, सदर इसमाची अर्धा पिक्सेल इतकी हालचाल प्रलंबित असल्याचे आढळून आले आहे. सोबत खांबाचे मोजमाप जोडले आहे. सबब, कै. रामदास हुपरीकर यांना त्या ठिकाणी, कोणी हाक मारली म्हणून नव्हे, शॉट वाया गेला तरी चालेल या अटीवर, पूर्ण मागे वळण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.